रिसबूडांचा दुसरा पाणकावळा

दिगंबर विष्णू रिसबूड यांच्या नावापुढे सरकारने चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही प्रश्नचिन्ह टाकलं नाही. ते पूर्णिमाबाई ओगल्यांनी एका रविवारी सकाळी टाकलं, तेही पेन्सिलीने. पेन्सिलीला धड टोकसुद्धा नव्हतं.

पूर्णिमाबाई पक्षीनिरीक्षक मंडळाच्या चिटणीस. मंडळ म्हणजे गळ्यात दुर्बिणी अडकवून एकमेकांच्या चुका काढणारी चौदा माणसं. अधूनमधून पक्षीही बघतात. तर या मंडळाने पुणे परिसरातल्या पक्ष्यांची यादी छापायला घेतली होती, आणि तिच्यात मांजरी गावाच्या पलीकडच्या एका लहानशा तलावापुढे रिसबूडांच्या दोन नोंदी होत्या. एक, छोटा पाणकावळा. दोन, भारतीय पाणकावळा. प्रश्नचिन्ह या दुसऱ्यापुढे होतं, आणि ते टाकायला लावणारा इसम रिसबूडांच्याच डोक्यावर राहत होता. म्हणजे नारायण पेठेत त्यांच्या वरच्या मजल्यावर. शालनताई कानिटकरांचा आमोद.

आमोद हिंजवडीला कंप्युटरवर काहीतरी करायचा. काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नसे, पण पगार सांगता येई आणि तो त्या सांगत. त्या पगारातून त्याने बोअरवेलच्या पाइपाएवढं भिंग आणलं होतं आणि आठ महिन्यांत तो पक्षितज्ज्ञ झाला होता.

"काका, तो मेनली कोस्टल बर्ड आहे," आमोद भर सभेत म्हणाला. "खाड्या, किनारे, तिकडचा. इथे मांजरीला कशाला येईल? तुम्ही बघताय ते दोन्ही छोटेच असणार."

"रिसबूडही मूळचे किनाऱ्यावरचेच," दिगंबरराव म्हणाले. "ते पुण्यात आलेले चालले ना तुम्हाला?"

"नोंद पुराव्यावर होते, वंशावळीवर नाही," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "महिनाअखेर मजकूर छापखान्यात जातो. तोपर्यंत पुरावा आणा, नाहीतर नोंद चिन्हासकट छापू."

आता हे दोन पाणकावळे दिसतात कसे, तर दोन्ही काळे, दोन्ही मासे खाणारे आणि पोहून झाल्यावर पंख पसरून वाळत बसणारे. एक आखूड, एक लांब. चोचीत आणि डोळ्यांच्या रंगातही फरक असतो, पण दिगंबररावांच्या मते डोळ्यांचे रंग बघणं हे स्थळं बघणाऱ्यांचं काम. ते सरकारी खात्यात आरेखक होते, म्हणजे लोक ज्याला ड्राफ्ट्समन म्हणतात ते. त्यांचा विश्वास मापावर. माप म्हटलं तरी आकड्यांवर नव्हे बरं का. आपल्या आरेखनावर त्यांनी जन्मात आकडे लिहिले नाहीत. कोपऱ्यात प्रमाण लिहायचं, बस. कोणी कंत्राटदार माप विचारायला आला की ते म्हणत, "प्रमाण दिलंय. पट्टी लावा आणि मोजा. आकडे अडाण्यांसाठी असतात." हे वाक्य खात्यात इतकं गाजलं होतं की ते निवृत्त झाले तेव्हा लोकांना सुटल्यासारखं वाटलं.

आणि त्या तलावात पक्षी मोजायची पट्टी आयतीच उभी होती. पाण्याची पातळी वाचायला खात्याने तिथे एक लोखंडी खांब रोवला होता. त्यावर मीटर आणि सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या खुणा, आणि आधाराला डाव्या-उजव्या बाजूंना आडव्या पट्ट्या, ज्यांवर पाणकावळे येऊन बसत. पक्षी बसला, मान ताणली, फोटो काढला, की चोचीपासून शेपटीपर्यंत लांबी खुणांवर वाचून घ्यायची. या खांबाचं आरेखनही चोवीस वर्षांपूर्वी खुद्द दिगंबर विष्णू रिसबूड यांनीच केलं होतं. इतका निर्दोष पुरावा मंडळाच्या इतिहासात कोणी आणला नव्हता.

"कुठला तळा म्हणता?" भांडी घासता घासता कांताबाईंनी विचारलं. त्या मांजरीपलीकडून रोज बसने येत. "त्यो पट्टीचा? त्यो लबाड हाय. पावसाळ्यात पट्टीवर दीड मीटर दावतोय, अन माझा दीर आत उभा ऱ्हायला तर टाळक्यावरनं पाणी जातंय."

"दीर बुटका असेल," दिगंबरराव म्हणाले.

"दाराला वाकून येतोय दीर."

अशिक्षित पुराव्याची नोंद घ्यायची दिगंबररावांना सवय नव्हती. ते कॅमेऱ्यात रोल भरून बसने निघाले.

दोन तास धक्के खाऊन पोहोचतात तो तलावाला नवीकोरी भिंत. तलाव होता, पण भिंतीच्या आत होता. भिंतीवर निळी पाटी: 'ब्लू हेरॉन व्हिलाज. लेक व्ह्यू लिव्हिंग'. दिगंबररावांचं पित्त खवळलं ते आधी हेरॉनवरून. निळा हेरॉन अमेरिकेत असतो. इथे बगळे, ढोकरी आणि राखी बगळा असताना बिल्डरला अमेरिकेहून पक्षी आणावा लागला. फाटकाशी निळ्याच गणवेशात एक सहाफुटी माणूस वही घेऊन बसला होता. नाव उत्तरेश्वर, गाव धाराशिवकडचं.

"कुणाकडं जायचंय?"

"तलावाकडे."

"तळ्याला फ्लॅट नंबर न्हाई, काका. हितं नाव लिवा, हितं फ्लॅट नंबर लिवा. नंबर न्हाई तर सोडता येत न्हाई."

"हा तलाव सरकारी आहे. त्यातला खांब मी काढलेला आहे."

उत्तरेश्वरने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. "काढला? मग उभा कसा हाय?"

बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी उत्तरेश्वरलाच दया आली. म्हणाला, "फ्लॅट बघाय आलो म्हणा. त्येला नंबर लागत न्हाई. चहा बी मिळतो." आयुष्यात खोटं न बोललेल्या दिगंबररावांनी वहीत 'फ्लॅट बघणे' असं लिहिलं. तेही वळणदार अक्षरात.

आत सलोनी नावाची मुलगी होती. तिने 'वेलकम सर' म्हणून त्यांना थंडगार खोलीत नेलं, सरबत दिलं आणि विचारलं, "सर, टू बीएचके की थ्री? एन्ड यूज आहे की इन्व्हेस्टमेंट?"

"गॅलरी कुठे आहे?" दिगंबररावांनी विचारलं.

"वॉव! सर, तुम्ही डायरेक्ट यूएसपीवरच आलात!"

नमुन्याचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता, आणि त्याच्या गॅलरीतून खांब अगदी समोर, जणू आरेखन करूनच ठेवलेला. फक्त त्यावर पाणकावळा नव्हता. आता थांबणं आलं, आणि थांबायचं तर खोल्या बघणं आलं. शयनगृहात शिरताच दिगंबररावांना काहीतरी खटकलं. खोली ऐसपैस दिसत होती आणि ती ऐसपैस नाही हे त्यांचे डोळे सांगत होते. त्यांनी खिशातला पोलादी टेप काढला आणि पलंगाला लावला. पाच फूट तीन इंच. टेबल हातभर बुटकं, कपाट वीतभर उथळ. घर मोठं दिसावं म्हणून यच्चयावत सामान लहान करून ठेवलेलं. तेवढ्यात एक जोडपं खोली बघायला आलं. नवरा चांगला उंच.

"साहेब, जरा आडवे व्हा," दिगंबरराव त्याला म्हणाले.

"अं?"

"व्हा तर खरं."

तो आडवा झाला. त्याचे पाय घोट्यापासून पुढे हवेत राहिले. "हे पाय तुम्ही घर घेतल्यावर कुठे ठेवणार?" दिगंबररावांनी त्याच्या बायकोला विचारलं. "माप चुकवणारा माणूस चोरच असतो, बाई. मग ते चुकून चुकलेलं असो की मुद्दाम." हे वाक्य त्यांना फार आवडलं. ते त्यांनी सलोनीसाठी पुन्हा एकदा म्हटलं.

जोडपं निघून गेलं. सलोनी मात्र खमकी निघाली. ग्राहक टेप लावतो म्हणजे तो घेणार, असं तिला कोणीतरी शिकवलेलं. तिने घरचा फोन नंबर लिहून घेतला. पाणकावळे काही त्या दिवशी आले नाहीत, म्हणून दिगंबरराव गुरुवारी पुन्हा गेले, शनिवारी पुन्हा गेले. प्रत्येक वेळी सरबत मिळालं. पक्षी मिळाला नाही.

मंगळवारी घरी फोन वाजला. मंदाकिनीबाईंनी घेतला.

"अहो," फोन ठेवून त्या म्हणाल्या, "तुम्ही मांजरीला तीन खोल्यांचं घर घेताय म्हणे. मला सोडून चाललाय की बरोबर नेणार आहात? भांडी कुठली बांधायची ते ठरवायला बरं."

दिगंबररावांनी खरं काय ते सांगितलं. ते ऐकून त्या म्हणाल्या, "यापेक्षा घर घेत असतात तर बरं होतं. लोकांना सांगता तरी आलं असतं."

पण सांगायची गरज नव्हती. दुसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा शालनताई विरजण मागायला आलेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत रिसबूड पेठ सोडणार ही बातमी पेठभर झाली. पेठेतला माणूस वारला तर लोक एकदा भेटून जातात. पेठ सोडून मांजरीला निघाला तर रोज येतात. अमेरिकेला मुलाकडे गेलेला चालतो, पण मांजरी? कोपऱ्यावरचे दुकानदार म्हणाले, "तिकडे उसाला पाणी मिळत नाही, तुम्हाला कोण देणार?" तळमजल्यावरच्या मथुराबाईंनी साप किती आणि कुठले ते मोजून सांगितलं. निवृत्त हेडमास्तर येऊन एक तास बसले, काहीच बोलले नाहीत आणि जाताना दिगंबररावांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. शालनताईंचा सूर निराळा होता. "जाताय ते बरंच करताय हो," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "आमोद म्हणत होता, काकांची ही जागा आम्हालाच घेता येईल. वर-खाली एकच होईल." म्हणजे पक्षी खोटा ठरवून पोट भरलं नाही, आता डोक्यावरचा आमोद पायाखालीही येणार होता.

घर घेत नाही म्हणावं, तर मग मांजरीला रोज कशाला जाता, हा प्रश्न येई. पाणकावळा मोजायला, हे उत्तर एकदा देऊन पाहिलं. मथुराबाईंनी मंदाकिनीबाईंना बाजूला घेऊन एका चांगल्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

पाचव्या खेपेला मात्र देव पावला. सकाळी नऊला दोन्ही पाणकावळे एकाच वेळी खांबावर आले. एक डावीकडच्या पट्टीवर, एक उजवीकडच्या. दोघांनी माना ताणल्या. दिगंबररावांनी अख्खा रोल संपवला आणि आनंदाच्या भरात सलोनीला सांगितलं, "झालं माझं काम! आता मी पुन्हा येणार नाही."

"म्हणजे बुकिंग करताय, सर?"

"नाही. पाणकावळा मिळाला."

सलोनीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरा भाव उमटला. "सर, पाच वेळा? माझं टार्गेट होतं सर, तुमच्या नावावर." दिगंबररावांना क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांना पलंग आठवला आणि वाटेनासं झालं.

रविवारी मंडळापुढे त्यांनी फोटो मोठे करून मांडले, आणि भिंग पूर्णिमाबाईंच्या हातात दिलं. "वाचा," ते म्हणाले. घरून निघताना त्यांनी स्वतः वाचले नव्हते. पुरावा आपण होऊन बोलायला हवा, असं त्यांचं मत होतं. तो बोलला.

"डावीकडचा चाळीस सेंटिमीटर," पूर्णिमाबाईंनी वाचलं. "उजवीकडचा एक्कावन्न."

आमोदने पक्ष्यांचं पुस्तक उघडलंच होतं. "काका, छोटा पाणकावळा पन्नासच्या आसपास असतो. भारतीय त्रेसष्ट. म्हणजे तुमचा मोठा आहे तो छोटा, आणि छोटा आहे तो..." तो थांबला. तेवढी लाज त्याला होती. वाक्य मागच्या बाकावरून कोणीतरी पुरं केलं, "पिल्लू!" आणि चौदातली बारा माणसं हसली. तेरावी पूर्णिमाबाई, त्या कधीच हसत नसत. चौदावे दिगंबरराव. त्यांनी फोटो गोळा केले, पाकिटात घातले, पाकीट पिशवीत घातलं आणि सावकाश जिना उतरले. हसू रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

पक्षी पिल्लू नव्हता. बावीस वर्षं ते या पक्ष्यांना बघत होते. पिल्लू कुठलं हे त्यांना झोपेतही कळलं असतं. मग चाळीस कसे? पक्षी आखूड होत नाही. आणि एकदम त्यांना कांताबाईंचा दीर आठवला.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा फाटकाशी उभे राहिले. "आज फ्लॅट बघायचा नाही," त्यांनी उत्तरेश्वरला खरं सांगितलं. "खांब मोजायचाय."

उत्तरेश्वरने वही मिटली. "चला. तुम्ही त्या पलंगाचं बोललात म्हणं, ते खरं हाय. दुपारच्याला मी तितं पडतो. पाय भाईर ऱ्हात्यात. मला वाटायचं मीच वाढलो."

मे महिना होता, पाणी पार हटलेलं. खांब चिखलात उघडा उभा होता. दिगंबरराव घोट्यापर्यंत रुतत गेले आणि त्यांनी टेप लावला. एकच्या खुणेपासून दोनच्या खुणेपर्यंत शंभर सेंटिमीटर हवे होते. एकशे पंचवीस होते. त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदा टेपचं दुसरं टोक उत्तरेश्वरला धरायला दिलं. एकशे पंचवीसच.

दहाच्या जागी साडेबारा. म्हणजे चाळीसचे पन्नास. एक्कावन्नचे जवळजवळ चौसष्ट. डावीकडचा छोटा, उजवीकडचा भारतीय. पक्षी अगदी बरोबर होते, अंगभर बरोबर. चूक खांबाची होती, आणि खांब कोणाचा ते सांगायला कोणाची गरज नव्हती. चोवीस वर्षांपूर्वीचा तो कागद त्यांच्या डोळ्यांसमोर आला. हाताने काढलं होतं एकास चार, आणि कोपऱ्यात लिहिलं होतं 'प्रमाण १:५'. कागदावर पंचवीस सेंटिमीटरचा झालेला मीटर रंगाऱ्याने पट्टी लावून पाचपट केला होता. पट्टीची चुकीची कड हाताखाली आली असेल, बस. आकडे लिहिले असते तर रंगाऱ्यालासुद्धा चूक कळली असती. आकडे अडाण्यांसाठी होते. चोवीस वर्षं या तलावात होतं त्यापेक्षा कमी पाणी सरकारदरबारी लागत होतं आणि कांताबाईंचा दीर त्यात बुडत होता.

"काय झालं, काका?"

"पलंग आखूड केला त्यांनी," दिगंबरराव म्हणाले. "मी खांब लांब केला." आणि ते तिथेच बांधावर बसले. माप चुकवणारा चोरच असतो, मग ते चुकून चुकलेलं असो की मुद्दाम, हे आपण कसल्या तोऱ्यात म्हणालो होतो ते त्यांना आठवत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मार्ग दोनच होते. गप्प बसायचं आणि यादीत पाणकावळ्यापुढे प्रश्नचिन्ह छापून घ्यायचं. किंवा बोलायचं, म्हणजे पक्ष्याचं प्रश्नचिन्ह पुसलं जाऊन ते चौतीस वर्षांपुढे लागणार. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मंदाकिनीबाईंना सांगितलं.

"पक्ष्याची चूक आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग त्याला कशाला शिक्षा?" असं म्हणून त्यांनी पान वाढलं.

दिगंबररावांनी पूर्णिमाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही परवा म्हणालात पट्टी निर्दोष, आज म्हणता सदोष. खात्याचा कागद आणा." म्हणून ते खात्यात गेले. अर्ज आवक खिडकीत दिला. खिडकी म्हणाली तो तांत्रिकला द्या, तांत्रिक म्हणालं आस्थापनेला द्या, कारण विषय कर्मचाऱ्याच्या चुकीचा आहे. आस्थापनेने विचारलं, तक्रार कोणाविरुद्ध? 'दि. वि. रिसबूड यांच्याविरुद्ध.' तक्रारदार? 'दि. वि. रिसबूड.' कारकुनाने मान वरही न करता दोन्ही नावं लिहून घेतली. एकोणतीस तारखेला उत्तर आलं. खात्याच्या इतिहासात इतकं तातडीचं उत्तर कोणाला गेलं नसेल.

'उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, सदर आरेखन श्री. दि. वि. रिसबूड, आरेखक (सेवानिवृत्त) यांनी केलेले आहे. त्यांच्या सेवापुस्तकात एकही प्रतिकूल शेरा आढळून येत नाही. सबब, त्यांच्या आरेखनात चूक असणे संभवत नाही. पट्टी बरोबर आहे. अर्जदाराने यापुढे जबाबदार कर्मचाऱ्यांची बदनामी करू नये.'

मंदाकिनीबाईंनी ते दोनदा वाचलं. "झालं की मनासारखं. तुम्ही चुकत नाही असं आता सरकारही म्हणतंय. इतके दिवस तुम्ही एकटेच म्हणत होतात."

खरंच, चौकटीत लावावं असा कागद होता. अब्रू शाबूत, मंडळ हसून विसरून जाईल, पेठ तर विसरलीच होती, कारण मथुराबाईंच्या सुनेने वेगळं बिऱ्हाड केलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. दिगंबररावांनी कागद टेबलावर पसरला, पेन्सिलीला नीट टोक केलं, आणि 'पट्टी बरोबर आहे' याच्या पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. काढताना फार दुखलं. मग चप्पल घालून ते पूर्णिमाबाईंकडे गेले.

आमोद तिथेच पुस्तक उघडून यादी तपासत बसला होता. पूर्णिमाबाईंनी पत्र वाचलं, प्रश्नचिन्ह पाहिलं. "सरकारी कागदावर पेन्सिल कोणी चालवली?"

"ज्याच्या नावाचा आहे त्याने."

आमोदने पुस्तक मिटलं. मग बाईंनी खोडरबर घेतलं आणि भारतीय पाणकावळ्यापुढचं आपलं प्रश्नचिन्ह पुसून काढलं. शेऱ्याच्या रकान्यात शाईने लिहिलं: 'पक्षी बरोबर. पट्टी चुकीची. चूक निरीक्षकाचीच.' आणि कागद दिगंबररावांपुढे सरकवला. "हे असं छापलं जाईल. चालेल?"

दिगंबररावांनी ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"चालेल," ते म्हणाले. "पण चूक कितीची ते आकड्यात लिहा."